नेमासांचा सोडा

एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करण्याचं काम माझ्यावर येऊन पडलं आहे. वाचकांनी शक्य असल्यास बसून घ्यावं. मानवजात आजवर कपडे चुकीचे धूत आली आहे. राजे, सरदार, आपले बापजादे, मुंबईचे बॅरिस्टर, सगळे मळके जगले आणि मळकेच गेले. खऱ्या अर्थानं स्वच्छ असा एकच माणूस या भूतलावर होऊन गेला. तो कारंजा लाडला, धान्यबाजाराच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, गादीवर मांडी घालून बसत असे.

हे माझं मत नाही. त्या माणसाचं स्वतःचं मत आहे. मी फक्त पोहोचवतो आहे.

त्यांचं नाव नेमिनाथ, पण कारंज्याच्या जैन व्यापाऱ्यांत नावामागे ‘सा’ लावायची रीत, म्हणून सगळं गाव त्यांना नेमासा म्हणे. उंच, हडकुळे, आणि इतके पांढरे की दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा, पांढरी पगडी, आणि खांद्यावर पांढरं उपरणं. हे उपरणं दिवसातून दोनदा बदलत असे. मी नुकताच शाळेत सृष्टिविज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो होतो. त्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही. आवाज खाली आणून, दुसरा एखादा घरमालक ‘दारू पिता काय’ असं विचारील त्या सुरात त्यांनी विचारलं,

“मास्तर, पेटीत साबन आहे काय?”

होता. अर्धी वडी होती. नेमासांनी ती कागदात धरून घराबाहेर न्यायला लावली. साबणात जनावराची चरबी असते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्या काळी ते पुष्कळदा खरंही असे. ज्या माणसानं पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावलं नाही, तो बैलाच्या चरबीनं अंग घासणार कसा? मग अहिंसेनं स्वच्छ व्हायचं कशानं? उत्तर मुंबईहून आगगाडीनं गोणीत भरून येत असे. धुण्याचा सोडा.

“यात कोनाचा जीव नाही,” ते म्हणायचे, “अन् याच्यापुढं कोन्या मळाचा जीव राहत नाही.”

माझी अर्धी वडी गेली, पण खोली मिळाली. शिवाय एक नोकरी मिळाली, बिनपगारी. नेमासांना इंग्रजी येत नव्हतं आणि माझ्याजवळ रसायनशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक होतं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी त्यातलं सोड्याचं प्रकरण त्यांना मराठीत सांगायचं. प्रकरण साडेतीन पानांचं होतं. ते आम्ही दोन वर्षं वाचलं.

त्या साडेतीन पानांवर नेमासांनी जगाची मांडणी केली. त्यांच्या मते जगात दोनच पक्ष : आंबट आणि खार. लिंबू, चिंच, ताक, तहसीलदार आणि त्यांची थोरली वहिनी हे आंबट. सोडा, चुना, राख, आणि ते स्वतः, हे खार. नवीन माणूस दुकानात आला की ते त्याच्याकडे क्षणभर बघत आणि माझ्या कानाशी लागत : “आंबट.” भांडण बघितलं की त्यांचा चेहरा फुलायचा. “खाराले आंबट भेटलं का फसफस. फसफस सरली का मीठ. घाबरू नका, मास्तर. हे दोघं मिठावर येऊन राह्यले.” आणि खरोखर बाजारातली भांडणं मिठावर येत. नेमासा मध्ये उभे राहून इतक्या आस्थेनं बघत, की भांडणाऱ्यांनाच लाज वाटे.

खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे सख्खे भाऊ, ही गोष्ट त्यांना सर्वांत आवडली होती. खाण्याचा सोडा तव्यावर तापवला की त्यातला वायू आणि ओल निघून जाते आणि मागं उरतो तो धुण्याचा सोडा. हा प्रयोग त्यांनी स्वयंपाकघरात इतक्यांदा केला की त्यांच्या पत्नीनं तवाच लपवून ठेवायला सुरुवात केली. “लहान्या भावाले तापवला का थोरला होते,” हे ते कुठंही म्हणत. एकदा एका वाटणीच्या पंचायतीत म्हणाले, आणि पंचांनी ते गांभीर्यानं घेतलं.

त्यांच्या पत्नीचं नाव चंपाबाई. हे मला शेजारणींकडून कळलं, कारण नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही ही त्या काळची रीत नेमासा कसोशीनं पाळत. ते तिला “ऐकलं काय” म्हणून हाक मारत. ती ऐकत असे. बोलत मात्र फार कमी. एवढ्या बोलक्या माणसाच्या घरात बोलायला जागा शिल्लक नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण आपल्याला पुढं कळेल.

आता गोणीची गोष्ट. एका वैशाखात नेमासांनी खड्यांच्या सोड्याची गोणी तोलली, तर तीन शेर कमी. दुकानात माल तोलायला गंगाराम नावाचा पन्नाशीचा माणूस होता, वीस वर्षं इमानानं राहिलेला. संशय त्याच्यावर. नेमासा आरोप करणारे नव्हते. त्यांनी फक्त गोणीवर बैठक मारली. दोन दिवस ते गोणीवरून हलले नाहीत. जेवणाचं ताटही गोणीवर आलं. तिसऱ्या दिवशी गोणी पुन्हा तोलली. आणखी दोन शेर कमी.

गंगारामनं तराजू खाली ठेवला. “सेठ, दोन दिवस तं तुमीच वर बसून होते. आता झडती कोनाची घ्याची?”

मला बोलावणं आलं. मी गोणीत हात घातला. काचेसारखे खडे फुटून त्यांचं पीठ झालं होतं. पुस्तकातलं ते वाक्य मी त्यांना पूर्वी सांगितलं होतं, पण तेव्हा ते दुसऱ्या वाक्यावर खूश होते. मी पुन्हा सांगितलं : सोड्याच्या खड्यात पाणी कोंडलेलं असतं. शंभर तोळ्यांच्या खड्यात साठ तोळ्यांहून जास्त पाणीच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं आणि कोरडं पीठ उरतं.

नेमासा पांढरे होतेच, आणखी पांढरे झाले. “मास्तर, म्हंजे मी बावीस वर्सं लोकाईले पानी इकून राह्यलो?”

त्यांनी पहिलं काम केलं ते गंगारामची क्षमा मागण्याचं. जैनांत वर्षातून एक दिवस सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची पद्धत आहे. त्या दिवसाला अजून चार महिने अवकाश होता, पण नेमासांना धीर नव्हता. भरबाजारात हात जोडून “उत्तम क्षमा, गंगाराम” म्हणाले. गंगाराम इतका घाबरला की त्यानंही तीन वर्षांपूर्वी खाल्लेल्या गुळाच्या खड्याची कबुली देऊन टाकली. मग नेमासांनी दुकानावर पाटी लावली : ‘हिवाळ्याचा सोडा ओला असतो, तेवढ्याच दामात जास्त घेऊन जा.’ परिणाम असा झाला की लोक दोन महिने समोरच्या दुकानात गेले. मागितल्याशिवाय जास्त देणाऱ्या दुकानदाराचा माल चांगला असेल, यावर कारंज्यात कोणाचा विश्वास बसेना.

तीर्थयात्रेला म्हणून ते एकदाच बाहेर पडले, आणि तेही लोणारला. तिथलं तळं खारं, त्याच्या काठावर उन्हाळ्यात आपोआप खार साचतो, एवढं त्यांना पुरलं. दमणीला बैल जुंपून निघाले, मलाही घेतलं. लोणारला देवळं आहेत. ती त्यांनी पाठीमागं सोडली. धोतर गुडघ्यावर घेऊन चिखलात उभे राहिले, बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटून घेतले. परत येताना आम्ही केनवडला एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. तिथल्या विहिरीचं पाणी जड. तुरीची डाळ दोन-दोन तास शिजेना. नेमासांनी लोणारच्या खाराची चिमूट टाकली. डाळ बघताबघता लोण्यासारखी झाली. बातमी गल्लीत गेली, आणि बाया पातेली घेऊन आल्या. चिमटीनं काम सुरू केलेला हा माणूस कौतुकाच्या भरात मुठीवर गेला. वर तेलाची सढळ फोडणी पडली. जेवायला बसलेली एक म्हातारी पहिल्या घासाला थांबली आणि म्हणाली, “डाळ तं शिजली बाप्पा, पन तोंडाले फेस येऊन राह्यला.”

तेल आणि सोडा मिळून काय होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण गप्प बसलो. आम्ही साबण खात होतो, हे नेमासांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नेमासांना एकच मुलगी, कस्तुरा. हुशार, डोळ्यांत बापासारखी चमक, ओठ आईसारखे मिटलेले. सतरा सरलं तरी लग्न जमेना, आणि त्या दिवसांत हे वय म्हणजे घराला लागलेली काळजी. दोन स्थळं आली होती आणि दोन्ही सोड्यानं गेली. पहिल्या पाहुण्यांना नेमासांनी लिंबाच्या सरबतात स्वतःच्या हातानं खाण्याचा सोडा घालून दिला. मुलाचे काका ते फसफसत असतानाच प्यायले आणि ते त्यांच्या नाकातून बाहेर आलं. दुसऱ्या मुलाच्या बापाचं धोतर जरा पिवळट होतं. बोलणी जवळजवळ झाली होती, पानसुपारी फिरत होती, आणि नेमासा प्रेमानं पुढं वाकून म्हणाले, “हे धोतर मले चार दिवस द्या.”

ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

तिसरं स्थळ वाशीमचं. मुलगा चांगला, वकिलाकडे कामाला. मुलाचे वडील रतनसा कापसाचे व्यापारी, भारी कडक, शकुन-अपशकुन फार मानणारे. मांजर आडवं गेलं तर सौदा मोडणारे. नेमासांनी त्यांना पाहताच माझ्या कानात सांगितलं, “आंबट.” चंपाबाईंनी ते पाहिलं. लग्न ठरलं त्या दिवशी त्या नवऱ्याला मंदिरात घेऊन गेल्या आणि देवासमोर उभं केलं. जैन माणूस देवासमोर एखादा नियम घेतो आणि मग प्राण गेला तरी मोडत नाही. कोणी रात्रीचं जेवण सोडतो, कोणी गूळ सोडतो. नेमासांनी घेतलेला नियम चंपाबाईंनी शब्द न् शब्द सांगितला होता : कस्तुराच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत ‘सोडा’ हा शब्द तोंडातून काढणार नाही.

ही बातमी तासाभरात गावभर झाली. पुढचा सव्वा महिना कारंज्यात फार मौजेचा गेला. गिऱ्हाइकं मुद्दाम यायची. “सेठ, ते पांढरं काय आहे गोनीत?” नेमासा बोट दाखवायचे. “त्याले काय म्हनते बाप्पा?” नेमासा आभाळाकडे बघायचे. भाव ते बोटांवर सांगत. सकाळचं वाचनही चालूच होतं, फक्त ते मान डोलवून. सनईवाल्यानं तर बोलीच करून टाकली : “सेठ, मुहूर्ताची खूण मले कोनी करू नका. तुमच्या तोंडून थो शब्द आयकला का समजीन लगन लागलं, अन् वाजवीन.” सगळे हसले. नेमासाही हसले, तोंड मिटून.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सकाळी हळद झाली. आमच्याकडे हळदीला व्याह्यांना सोडत नाहीत. बायकांनी रतनसांना कोपऱ्यात गाठून त्यांचं नवं कोरं पांढरं धोतर आणि उपरणं पिवळं करून टाकलं. रतनसांचा चेहरा लिंबासारखा झाला. संध्याकाळी मांडवात हेच नेसायचं होतं.

आणि नेमासा उठले.

नियम बोलण्याचा होता. करण्याचा नव्हता. एवढी फट चंपाबाईंच्या लक्षात आली नव्हती. त्या आत कस्तुराला न्हाऊ घालत होत्या. नेमासांनी अंगणात तांब्याचं मोठं घंगाळ आणवलं, कढत पाणी ओतवलं, आणि गोणीतून दोन्ही हातांनी भरभरून टाकलं. वाशीमचं सगळं वऱ्हाड गोल करून उभं राहिलं. नेमासा एक शब्द बोलले नाहीत. फक्त हातवाऱ्यांनी, एखाद्या जादूगारासारखं, त्यांनी रतनसांचं उपरणं चारी बाजूंना दाखवलं : हा डाग, हा डाग, हा डाग. मग बोट आभाळाकडे : आता बघा. आणि उपरणं घंगाळात सोडलं.

ते लालभडक झालं.

नेमासांनी ते वर उचललं. त्यातून लाल पाणी गळत होतं. त्यांच्या स्वतःच्या अंगरख्यावर लाल थेंब उडाले होते.

“रगत,” वऱ्हाडातलं कोणीतरी हळूच म्हणालं.

रतनसा दोन पावलं मागं सरले. “हळदीच्या दिवशी, व्याह्याच्या अंगावरच्या कापडातून रगत. गाड्या जुंपा.”

सगळ्यांनी नेमासांकडे पाहिलं. समजावून सांगण्याची हीच वेळ होती. पण समजावायला जो शब्द लागत होता, तो देवासमोर ठेवून आलेला होता. त्यांचे ओठ हलले. ते माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत मुलीचं सगळं आयुष्य मला दिसत होतं. आणि मी, सृष्टिविज्ञानाचा मास्तर, साडेतीन पानं तोंडपाठ असलेला, उभ्या जागी दगड झालो. कारण त्या साडेतीन पानांत हळदीचा उल्लेख नव्हता. खरं सांगतो, मलाही ते रक्तच वाटलं.

बैल जोखडाला लागत होते तेवढ्यात घरातून कस्तुरा बाहेर आली. नवरीनं लग्नाआधी सासऱ्यांसमोर असं यायचं नसतं. अंगाला हळद, केस ओले, हातात लिंबाच्या पाण्याचा तांब्या. ती कोणाकडे न बघता बापाजवळ गेली, त्यांच्या हातातलं उपरणं पायरीवर पसरलं आणि त्यावर तांब्या ओतला.

फसफस झाली. आणि लाल रंग समोरच्या समोर विरत गेला. उपरणं पिवळं झालं, सकाळी होतं तसं, हळदीचं.

मग रतनसांची आई, नव्वदीला टेकलेली, काठी टेकत पुढं आली. तिनं ओलं कापड चिमटीत धरून पाहिलं.

“अपशकुन कायचा, रतन? रुसून गेलेली हळद पोरीनं वापस आनली. एका लग्नात दोनदा हळद कोनाले लागते?” आणि बैलांकडे वळून, “सोडा थे बैलं.”

बैल सुटले. रतनसांनी बाजेवर बसून पाणी मागितलं. पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर मिठासारखं काहीतरी दिसलं.

चंपाबाई दारात येऊन उभ्या होत्या. कस्तुरानं आईकडे पाहिलं, आणि त्या हळू आवाजात, जणू रोजचं काम सांगावं तशा म्हणाल्या, “आता उन्हात टाका ते. हळदीचा डाग उन्हानं जाते. तिकडे घंगाळात टाकला का तांबडाच होते. मी कधी टाकतच नाही.”

हे नेमासांनी ऐकलं.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरलो नाही. तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या घरातलं हळदीचं एकही फडकं सोड्यात गेलं नव्हतं. स्वयंपाकघरातली प्रत्येक पिवळी चिंधी चंपाबाई मागच्या कुंपणावर उन्हात घालत आल्या होत्या. गावातल्या प्रत्येक बाईला जे ठाऊक होतं, ते सोड्यावर जीव टाकणाऱ्या या एका माणसाला त्यांनी कळू दिलं नव्हतं. नेमासांनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. नियम आठवला. तोंड मिटलं.

दिवसभर ते तसेच होते. पाहुण्यांना पान देताना, उपाध्यांना पाट मांडताना, त्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडेच होतं. दोनदा ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी. माझी बदली झाली होती, सकाळच्या गाडीनं निघायचं होतं, आणि पुन्हा कारंज्यास जाणं झालं नाही. आजही नेमासा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तोच मांडव येतो. अंतरपाटाच्या एका बाजूला कस्तुरा, दुसऱ्या बाजूला मुलगा. रतनसा पिवळं उपरणं मिरवत बसलेले. मुठीत अक्षता घेतलेले तीनशे लोक. आणि पांढऱ्या अंगरख्यावर लाल ठिपके तसेच ठेवून उभे असलेले नेमासा, शेजारी डोईवर पदर घेतलेल्या चंपाबाई. उपाध्ये शेवटच्या मंगलाष्टकाआधी श्वास घ्यायला थांबले. मुहूर्ताला अजून थोडा अवकाश होता. मांडवात पूर्ण शांतता पसरली.

त्या शांततेत नेमासा बायकोकडे वळले आणि खणखणीत आवाजात बोलले. त्या एका वाक्यात त्यांनी देवासमोर घेतलेला नियम मोडला आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत बायकोचं नाव घेतलं. सनईवाल्यानं तो ठरलेला शब्द ऐकला, लग्न लागलं असं समजून सनई तोंडाला लावली. सनई ऐकून तीनशे मुठी उघडल्या, अंतरपाट धरणाऱ्यांनी तो घाईनं ओढून घेतला, आणि मुहूर्ताच्या आधीच कस्तुराचं लग्न लागलं. नियम आधी मोडला की अक्षता आधी पडल्या, यावर कारंज्यात पुढं बरीच वर्षं वाद झाला म्हणतात. मी तिथं होतो. अक्षता नंतर पडल्या. आधी हे वाक्य पडलं :

“चंपा, सोड्याचा हा गुन तुले तीस वर्सं मालूम होता, तं मले सांगतलं काहून नाही?”